मिठाच्या पाण्याला आलेला ताप

नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्या ताब्यात सहा हंस देण्यात आले आणि त्यातल्या पाचांनी संध्याकाळपर्यंत मला चावून काढलं. सहावी मादी होती, ती तेवढी सभ्य निघाली. हंस म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सरस्वतीच्या पायाशी बसलेला येत असेल, तर तो आधी विसरा. हे पाळीव, जाड मानेचे, कर्कश ओरडणारे आणि एक नंबरचे भांडखोर. पण त्यांच्या रक्तावर आमचं सगळं काम चालायचं, म्हणून मी त्यांचे लाड करायचो. भात, कोवळं गवत, आणि पाय बुडवायला लोखंडी टाकीतलं पाणी.

तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, आम्ही सगळे भंडाऱ्याचे. सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची ही गोष्ट. गोंदियात माणूस एक तर तांदळाच्या गिरणीत लागायचा, नाही तर बिडीच्या कारखान्यात, नाही तर रेल्वेत. मी चौथ्याच ठिकाणी लागलो. पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं रेल्वेलाईनच्या पलीकडे एक बंगली भाड्यानं घेतली होती, धानपट्ट्यातला ताप तपासायला. दोन खोल्या, रॉकेलवर चालणारं शीतकपाट, रक्त फिरवायचं हाताचं यंत्र, अंगणात हंस, आणि त्या सगळ्यांचा राजा मी, म्हणजे प्रयोगशाळा सहाय्यक बोरकर. येणारे-जाणारे कुंपणावरून विचारायचे, "काऊन जी बोरकर, अंडे विकता का?" मी म्हणायचो, "अंडे नाही, रक्त घेतो. देता का?" मग माणूस लगेच पुढे सटकायचा.

काम काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल.

डासांमधून पसरणारा एक विषाणू आहे, त्यानं मेंदूला ताप येतो. जपानी मेंदूज्वर म्हणतात. तो आपल्या धानाच्या मुलखात आहे का, आणि असेल तर किती जणांना होऊन गेला, एवढंच शोधायचं होतं. ज्याला हा ताप होऊन जातो, मग तो साधी कणकण होऊन गेला असेल तरी, त्याच्या रक्तात त्या विषाणूला धरून ठेवणारं एक द्रव्य तयार होतं. ते वर्षानुवर्षं राहतं. आम्ही ते द्रव्य शोधायचो.

शोधायच्या रीती दोन. एक माझी, एक बाईंची.

माझी रीत अशी. पुण्याहून मारून वाळवलेला विषाणू छोट्या कुपीत यायचा. तो हंसाच्या तांबड्या पेशींमध्ये टाकला की पेशी एकमेकींना चिकटतात आणि वाटीच्या तळाशी पातळ पसरून बसतात. पण त्याआधी त्या विषाणूत माणसाच्या रक्तातलं पिवळं पाणी मिसळलं आणि त्यात ते द्रव्य असलं, तर ते विषाणूला आधीच धरतं. मग पेशी चिकटत नाहीत, घरंगळत तळाशी जातात आणि मधोमध लाल टिकली उमटते. अगदी कपाळावरच्या कुंकवासारखी. टिकली दिसली की माणसाला विषाणू होऊन गेलेला. पसारा दिसला की नाही झालेला. सकाळी बसलं की दुपारच्या चहाला निकाल हातात!

बाई म्हणजे डॉक्टर देवस्थळी, माझ्या वरिष्ठ. त्या पुण्याला असायच्या आणि त्यांची रीत उंदरांची. त्याच माणसाचं तेच पिवळं पाणी, पण त्यात जिवंत विषाणू मिसळून तो उंदरांच्या पिलांना टोचायचा आणि वाट बघायची. पिलं जगली तर त्या रक्तात द्रव्य आहे, मेली तर नाही. निकालाला पंधरा-वीस दिवस.

आमच्या साहेब लोकांना ठरवायचं होतं की हंसांची झटपट रीत उंदरांच्या खात्रीच्या रीतीजवळ येते का. येत असेल तर गावोगाव तीच वापरता येईल. म्हणून प्रत्येक रक्ताचे दोन भाग. अर्धा माझ्याकडे, अर्धा बर्फाच्या थर्मासातून रेल्वेनं पुण्याला. मला तर ती कुस्तीच वाटायची. एकीकडे गोंदियाचे हंस, दुसरीकडे पुण्याचे उंदीर. मी उघड उघड हंसांच्या बाजूचा होतो आणि बाईंना पत्रात तसं लिहायचोसुद्धा. त्या उत्तर द्यायच्या, "बोरकर, तुम्ही घाई फार करता." एक नियम मात्र त्यांनी पहिल्या दिवशीच बजावला होता. उंदरांचा निकाल येईपर्यंत हंसांचा निकाल कोणालाही सांगायचा नाही.

आता गावाकडे येतो. केशोरीच्या पुढे तलावाच्या काठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण त्या गावची नातवंडं आता शिकलीसवरली आहेत, भांडायला येतील. आदल्या वर्षी त्या गावात दोन पोरं तापात गेली. फणफण ताप, झटके, शुद्ध हरपली आणि पाचव्या-सहाव्या दिवशी खेळ खलास. त्यातला एक मुलगा हिरामण कापगत्यांचा नातू. हे हिरामणभाऊ म्हणजे गावच्या तलावाचे राखणदार. तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला. कोहळी समाजाची माणसं, तलाव बांधावेत तर त्यांनीच. पाणी कधी सोडायचं, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी न्यायचं, सगळं तेच सांगायचे आणि गाव ऐकायचं.

गावात मात्र कुजबुज सुरू झाली होती की ताप तलावातूनच येतो. आरोग्य खात्याचे साहेबही त्याच मताचे. ते मूळ जबलपूरकडचे, हिंदी बोलायचे, मनानं चांगले, पण पोरं मेली म्हणून रात्रंदिवस अस्वस्थ. त्यांचा विचार असा की दोन गावांची रक्तं तपासा, एक तलावाचं गाव आणि एक लांबचं, टेकडीवरचं, जिथं तलाव नाही. तलावाच्या गावात विषाणू जास्त निघाला तर तलाव फोडायचा.

टेकडीवरच्या गावाचं रक्त मी आधी आणलं आणि आधीच तपासलं. टिकल्या मोजक्याच. पोळा झाला आणि मी तलावाच्या गावात गेलो.

तिथं मला बघून पोरं पळाली. हिरामणभाऊ बाजेवरून उठले, बाही वर केली. "माहं रक्त काढा पयले. मंग पोट्टे भेणार नाही." मी सुई टोचली. म्हातारा हसत बसला. "मले त कोनताच ताप कधी आला नाही, लिहून घ्या!" मी म्हटलं, "ते हंस ठरवतील." तो एवढा मोठ्यानं हसला की पोरं परत आली.

त्यांची सून सुगंधा भिंतीला छुई फासत होती. छुई म्हणजे पांढरी माती, आमच्याकडे तिनंच घरं पांढरी करतात. तिचा मोठा मुलगा गेला होता, धाकटी मंदी पाच वर्षांची. मंदीच्या हातातून रक्त काढताना सुगंधानंच तिला मांडीवर धरून ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ, तुमच्या तपासनीत निघालं त फोडतीन ना तलाव?"

मी म्हटलं, "ते साहेब ठरवतील."

"फोडा म्हना त्याले. माहं पोरगं खाल्लं त्या तलावानं."

हिरामणभाऊंनी ऐकलं. ते मला म्हणाले, "धान आता पोटरीवर येऊन राहिलं, भाऊ. पानी गेलं त लोंबीत दाना भरन का? सारं गाव काय खाईन?" आणि ते बांधाकडे निघून गेले. एका घरात दोन माणसं, दोघंही खरी, आणि मध्ये मी सुया घेऊन.

आता माझी चूक सांगतो. गोंदियात इतकी वर्षं कोणाला सांगितली नाही, आज सांगून मोकळा होतो.

प्रत्येक रक्ताच्या पाण्यात काही उपरा कचरा असतो, तो उगीचच विषाणूला धरतो आणि खोट्या टिकल्या उमटतात. म्हणून तपासणीआधी ते पाणी बारीक चिनी मातीत घुसळून स्वच्छ करायचं असतं. ती माती पुण्याहून डब्यात यायची. आणि ऐन वेळी माझा डबा संपला! टेकडीच्या गावानं सगळी खाल्ली. पुण्याला पत्र टाकून नवी यायला आठ-दहा दिवस. आणि मला तर कुस्ती जिंकायची घाई.

त्या दिवशी हिरामणभाऊंच्या अंगणातून निघताना मी सुगंधाजवळून छुईचा एक वाळलेला गोळा मागून घेतला होता. मला वाटलं, पांढरी माती ती पांढरी माती. आपली छुई काय वाईट? मी ती कुटली, तीनदा वस्त्रगाळ केली, पाण्यात धुतली आणि स्वतःवर खूश होऊन तिनंच सगळी रक्तं घुसळली. पुण्याच्या मातीवाचून गोंदियाचं अडत नाही, हे मला बाईंना दाखवायचं होतं, दुसरं काही नाही.

दुपारी वाट्या बघितल्या आणि मी ओरडलोच. टिकली! टिकली! टिकली! या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं गाव लाल टिकल्यांचं. हिरामणभाऊंची वाटीसुद्धा. मी अंगणात जाऊन हंसांना सांगितलं, खोटं सांगत नाही. त्यांनी मला पुन्हा चावलं.

आणि नेमके त्याच वेळी आरोग्य खात्याचे साहेब दारात. "कहो बोरकर, कुछ निकला?" बाईंचा नियम आठवला, देवाशपथ आठवला. पण तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा मी, हातात एवढी मोठी गोष्ट, आणि विचारणारा माणूस माझ्या टेबलाशी टोपी काढून उभा! मी वाट्यांची पाटी त्यांच्यापुढे धरली. "बघा साहेब. टेकडीवर मोजके, तलावापाशी सगळे."

ते वाट्यांकडे बघत राहिले. "अरे, अब और क्या चाहिए? सबूत तो तुम्हारे हाथ में है!" असं म्हणून ते गेले. पंधरवड्यात बातमी आली, दसरा झाला की तलाव फोडणार.

दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी बाई न कळवता मेलनं गोंदियाला उतरल्या. लहानखुरी बाई, पाचवारी पातळ, पायात चपला, एका हातात उंदरांची वही आणि दुसऱ्या हातात मी मागवलेला चिनी मातीचा डबा. आल्या आल्या हातपाय न धुता म्हणाल्या, "बोरकर, टेकडीच्या गावाचं तुमचं माझं छान जुळतंय. तलावाच्या गावाचं अजिबात जुळत नाही. तुमच्याकडे सगळे टिकलीचे आणि माझ्याकडे पिलं पटापट मेली आहेत. दोघांपैकी एक जण चुकतोय."

मी म्हटलं, "तुमचे उंदीर आजारी असतील."

"असू शकतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही काय काय केलं ते पहिल्यापासून सांगा."

मी सांगत गेलो. छुईचंही सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला नाही, ओरडल्या नाहीत. त्यांचे डोळे चमकले! "म्हणजे दोन गावांत फरक तलावाचा नसेल, मातीचा असेल. चला, आत्ता बघू. तुमच्याकडे मिठाचं पाणी आहे?"

"आहे की."

"ते छुईत घुसळा आणि तपासा. रक्त नको. नुसतं मिठाचं पाणी."

आम्ही दोघं बसलो. मी यंत्र फिरवलं, हात दुखेस्तोवर. एका ओळीत मिठाचं पाणी छुईनं धुतलेलं, दुसऱ्या ओळीत तेच पाणी बाईंच्या मातीनं धुतलेलं. विषाणू टाकला, मग हंसाच्या पेशी. तासभर दोघं त्या पाटीवर अशी डोळे लावून बसलो की चहा गार झाला. बाईंच्या मातीच्या ओळीत पेशी छान पसरल्या, जशा पसरायला हव्यात तशा. आणि छुईच्या ओळीत सगळीकडे लाल टिकली!

बाई हसायला लागल्या. "बोरकर, तुमच्या मिठाच्या पाण्याला मेंदूज्वर होऊन गेला हो!"

मला हसू येईना आणि रडूही येईना. माझ्या एवढ्या मोठ्या शोधात कोणाच्या रक्ताचा काही संबंधच नव्हता. त्या मातीत असं काही होतं की पेशी चिकटूच शकत नव्हत्या. मग बाई म्हणाल्या, "आता खरी मजा. तुमच्याकडे ती रक्तं शिल्लक आहेत ना? काढा."

शीतकपाटातून बाहेर काढली. या वेळी पुण्याची माती, सगळं नियमानं. आणि दुपार कलताना ती वेळ आली जी मी अजून विसरलो नाही. मी वाटी बघून ओरडायचो, बाई वहीत उंदरांचा निकाल बघून उत्तर द्यायच्या.

"चार, पसारा!"

"मेली."

"पाच, पसारा!"

"मेली."

"सहा, टिकली!"

"जगली! अहो, जगली!"

"सात, पसारा!"

"मेली. चला, पुढे!"

एकामागून एक जुळत गेलं. टिकल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, टेकडीवरच्या गावाइतक्याच. एक-दोन वाट्या अडून बसल्या, माझ्याकडे टिकली आणि त्यांच्याकडे मेलेली पिलं. बाई म्हणाल्या, ते दुसऱ्या एखाद्या डासाच्या तापाचं असणार, या विषाणूंची आपसांत भाऊबंदकी असते आणि हंसांची रीत एका भावाला दुसराच समजते, उंदरांची रीत चेहरा ओळखते. म्हणजे माझी रीत खोटी नव्हती! नीट धुतलं तर ती खात्रीच्या रीतीच्या अगदी मागोमाग चालत होती. मी एवढा आनंदलो की बाईंच्या हातातली वही ओढून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो. आणि अकरा नंबरला थांबलो. अकरा, टिकली, जगली. अकरा म्हणजे मंदी. हिरामणभाऊंच्या नंबरला मात्र पसारा, मेली. म्हाताऱ्यानं खरंच सांगितलं होतं.

तेव्हा मला तलाव आठवला. "बाई, उद्या सकाळी तलाव फोडणार आहेत."

त्यांनी विचारलं, "कशावरून?" मी खाली मान घालून सांगितलं, मी साहेबांना पाटी दाखवली म्हणून. आता त्यांचा चेहरा पहिल्यांदा कठोर झाला. त्या एवढंच म्हणाल्या, "गाडी किती वाजता?" साहेब तर आदल्या दिवशीच केशोरीकडे गेलेले, तार करून उपयोग नव्हता.

सकाळी चांदा लाईनची छोटी गाडी धरली. ती गाडी म्हणजे विचारू नका, बैल तिच्यापुढे जाऊ शकेल. मी दर स्टेशनावर उतरून गार्डाला विचारत होतो, काऊन थांबली, आता कधी निघणार, शेवटी तो मला म्हणाला, "भाऊ, तुम्हीच ओढा." अर्जुनीला उतरलो, दोन सायकली मिळवल्या. मला वाटलं, बाईंना मागं बसवून न्यावं लागणार. बाईंनी पदर खोचला, सायकलवर टांग टाकली आणि अशा सुटल्या की मला धाप लागली! पुण्याची बाई, सायकलवरच लहानाची मोठी झालेली. वाटेकडेला गवत कापणाऱ्या बाया उभ्या राहून बघत होत्या. एक जण ओरडली, "अगा बाप्पा, सायबीन आली वो सायबीन!" धान दोन्ही बाजूंनी हिरवंगार, छातीएवढं, आणि आम्ही चिखलाच्या वाटेनं ढोपरभर माखून पळतोय.

पोहोचलो तर बांधावर सगळं गाव. साहेब होते, कुदळी होत्या, आणि बांधाचा एक हातभर खोल काप निघाला होता. पाणी अजून सुटलं नव्हतं. हिरामणभाऊ कापाजवळ उकिडवे बसलेले, तोंड पाण्याकडे. सुगंधा थोडी लांब, मंदीचा हात धरून.

मी सायकल टाकली आणि ओरडलो, "थांबा! माझी चूक आहे! थांबा!"

साहेब म्हणाले, "क्या हुआ?" मी सगळ्यांसमोर, धापा टाकत, हिंदीत नि मराठीत मिसळून, सांगून टाकलं. माती संपली, मी छुई वापरली, मिठाच्या पाण्यालासुद्धा ताप निघाला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांचा चेहरा लाल झाला. "तो तुमने मुझे झूठ दिखाया?" मी म्हटलं, "हो साहेब. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण खोटंच दाखवलं." त्यांनी मला चार शब्द सुनावले, ते इथं लिहीत नाही, आणि ते मला लागू होते.

बाईंनी मग साहेबांना वही दाखवली. तलावाच्या गावात आणि टेकडीवर ताप सारखाच आहे. हे डास धानातल्या साचलेल्या पाण्यातही होतात, बांधीबांधीत होतात, तलाव फोडून ते जाणार नाहीत, पोरांना संध्याकाळी मच्छरदाणीत घाला आणि डुकरं घरापासून लांब बांधा, कारण हा विषाणू डुकरांमध्ये वाढतो. साहेबांनी वही दोनदा वाचली. मग कुदळवाल्यांना हात केला. कुदळी खाली आल्या.

तेवढ्यात सुगंधा पुढे आली. माझ्याकडे बघत म्हणाली, "माह्या छुईत काय होतं, भाऊ?"

"ते आम्हालाही कळलं नाही वहिनी. काही तरी वेगळं होतं."

"मी चुना टाकतो ना त्याच्यात. भित पांढरी दिसाले."

बाईंनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. चुना! अहो, पेशींना चिकटायला ठरावीक आंबटपणा लागतो, आणि चुन्यानं तो पार मोडला होता. तीनदा वस्त्रगाळ करून मी चुनाच गाळत बसलो होतो! मला एवढं हसू फुटलं की मी आवरू शकलो नाही, आणि गावातले लोकही हसायला लागले, "बोरकरभाऊनं गावाच्या रक्ताले चुना लावला!" हिरामणभाऊसुद्धा उठून उभे राहिले आणि डोळे पुसत हसायला लागले. तलाव वाचला होता, धान वाचलं होतं, मला नाचावंसं वाटत होतं.

सुगंधा हसली नाही. तिनं बाईंना विचारलं, "मंग माह्या घरी ताप नव्हता का?"

बाई तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या, चिखलात. "होता. तुमच्या मंदीला तो होऊन गेलाय. दोन्ही रीतींनी तेच निघालं. पण आता तिच्या रक्तात त्याला अडवणारं द्रव्य आहे. हा ताप तिला पुन्हा होणार नाही."

"कधीच नाही?"

"नाही."

सुगंधानं मंदीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मंग माह्या पोराच्या रक्तात ते कायले नाही आलं?"

बाई म्हणाल्या, "ते यायला आठ-दहा दिवस लागतात."

"तो पाचच दिवस होता तापात."

"हो."

"पाचच दिवस," सुगंधा म्हणाली. माझं हसू कुठल्या कुठं गेलं. दुपारी निकाल देणाऱ्या रीतीचा मला केवढा अभिमान, पण त्या पोराच्या अंगाला हवे होते ते आठ दिवस, ते कोणाच्याही हातात नव्हते. मला त्या वेळी सुगंधाच्या तोंडाकडे बघवेना.

ती उठली. कापातून काढलेली माती बाजूला पडली होती, तिनं टोपलं भरलं, डोक्यावर घेतलं आणि कापात नेऊन टाकलं. मग दुसरं भरायला वाकली.

हिरामणभाऊ पुढे आले. "राहू दे सूनबाई, आमी टाकतो."

"टाकू द्या मले," ती म्हणाली.